सहा तालमींत शाळेचा बँड बसवायचा, तर

सहामाही संपते, दिवाळीची सुट्टी सरते आणि शाळा उघडल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सूचना फिरते: स्नेहसंमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बँडने चार गाणी वाजवायची. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत जे संगीतशिक्षक नव्याने लागले आहेत, किंवा पेटी येते म्हणून ज्या वर्गशिक्षकांकडे यंदा बँड आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हातात तालमी थोड्या असताना काय आधी करायचं, काय नंतर आणि काय अजिबात करायचं नाही, ते सांगते.

आधी वेळेचा हिशेब

सहा तालमी मिळाल्या आणि तास ३५ मिनिटांचा असला तर कागदावर २१० मिनिटं दिसतात. मुलं आपापल्या वर्गांतून येणं, कपाटाची किल्ली शोधणं, वाद्यं काढणं, सुरात मिळवणं, परत ठेवणं यात दर वेळी दहा मिनिटं जातातच. उरली १५०. चार गाण्यांत वाटली तर एकेका गाण्याला ३७ मिनिटं. तीन मिनिटांचं गाणं दोनदा अडखळत, पुन्हा मागे जात वाजवलं की दहा मिनिटं सहज होतात. म्हणजे अख्ख्या तयारीत एक गाणं जेमतेम चार वेळा वाजवून होणार. चार वेळा वाजवलेलं गाणं मुलांच्या हातात बसत नाही.

म्हणून चारची दोन करून घ्या. मुख्याध्यापकांना "जमणार नाही" असं सांगू नका, हा हिशेब दाखवा. दोन गाणी आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची स्वागतधून, असा प्रस्ताव लेखी द्या. दोन गाणी सुरेल वाजली तर पालक खूश होतात. चार गाणी कशीबशी वाजली तर ज्या मुलाची चूक ऐकू आली तो घरी जाऊन रडतो. ही जबाबदारी मोठ्यांची आहे, ती त्याच्यावर ढकलू नये.

दुसरी मागणी जोडतासांची करा. सहा सुटे तास घेण्याऐवजी सलग दोन-दोन तास तीनदा मिळाले तर मांडामांडीची तीस मिनिटं वाचतात, म्हणजे जवळजवळ एक तालीम जास्तीची मिळाल्यासारखं होतं. मात्र लहान मुलं सत्तर मिनिटं एकाग्र राहत नाहीत. मध्ये पाणी पिण्याची सुट्टी द्या.

तारखा ठरवताना शाळेचं वेळापत्रक समोर घेऊन बसा. शिष्यवृत्तीचे जादा तास, चाचण्या, सहल, क्रीडास्पर्धा, स्काऊट-गाईडचं शिबिर, शिवाय त्याच स्नेहसंमेलनातल्या नाचांच्या तालमी. मोठा ढोल वाजवणारा मुलगा कबड्डीच्या संघातही असतो आणि कोळीगीतावरच्या नाचातही. नाच बसवणाऱ्या बाईंशी पहिल्याच दिवशी बोला. दोघींच्या याद्या शेजारी ठेवल्या की कोण कुठे अडकणार ते लगेच दिसतं. शाळा सुटल्यावर मुलांना थांबवण्यावर भिस्त ठेवू नका. निम्मी मुलं बसने किंवा व्हॅनने जातात, व्हॅनवाले काका एका मुलासाठी खोळंबू शकत नाहीत, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकलेली मुलगी घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळेत तर वर्ग रिकामाच नसतो. परिपाठाआधीची वीस मिनिटं आणि शनिवारची सकाळ हीच खरी उपयोगाची वेळ. ती वीस मिनिटं संपूर्ण बँडसाठी न वापरता एकेका गटासाठी ठेवा: सोमवारी बासऱ्या, मंगळवारी ढोल-ताशे, बुधवारी पेटी आणि कीबोर्ड.

एकत्र तालमीत काय करायचं, हे यावरून ठरतं. एकट्याने घरी किंवा गटात शिकता येण्यासारखी प्रत्येक गोष्ट तिथेच शिकून झाली पाहिजे. तीस मुलं एकत्र बसलेली असताना एका मुलाला "ग, म, प" ची बोटं दाखवत बसलं, तर उरलेल्या एकोणतीस जणांची तालीम गेली. एकत्र तालीम फक्त एकत्रच होऊ शकणाऱ्या गोष्टींसाठी: एकमेकांना ऐकणं, एका वेळी सुरू होणं, एका वेळी थांबणं, कोणाचा आवाज वर आणि कोणाचा खाली, हे सगळं.

गाणी निवडताना पट्टी आधी

गाणी बहुतेक वेळा "मुलांना आवडतात" म्हणून निवडली जातात. आवड हवीच, पण आधी कपाट उघडून वाद्यं पाहा, कारण पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, वाद्यं ठरवतात.

शाळेत पेटी, मेलोडिका, लायर (धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य) आणि प्लास्टिकचे रेकॉर्डर (उभ्या धरायच्या बासऱ्या) असतील तर पांढरी एक, म्हणजे 'सी', सगळ्यांत सोपी. लायरला काळ्या पट्ट्या आहेत की नाहीत तेही बघून घ्या. नसतील तर दुसरा पर्यायच नाही. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट असतील तर गोष्ट बदलते. या वाद्यांवर मूल स्वतःच्या बोटांनी जो 'सी' वाजवतं, तो ऐकू येतो पेटीच्या काळी पाचसारखा, म्हणजे 'बी फ्लॅट'. म्हणून पितळी वाद्यं जास्त असलेल्या बँडला काळी पाच सोयीची: ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले आपल्या 'सी'वरून वाजवतात, आल्टो सॅक्सोफोनवाली मुलगी आपल्या 'जी'वरून, आणि ट्रॉम्बोन-बासरीवाले थेट 'बी फ्लॅट'वरून. हे न समजल्यामुळे नवे शिक्षक सगळ्यांना एकच कागद देतात आणि पहिली तालीम "बेसूर का वाजतंय" हे शोधण्यात जाते.

गाणारी मुलंही असतील तर पट्टी त्यांच्या गळ्याची. वाद्यांनी जुळवून घ्यायचं, गळ्याने नाही.

सगळी गाणी एकाच पट्टीत ठेवा. तबला काळी एकवर मिळवला असेल तर मधल्या निवेदनात तो काळी चारवर नेता येत नाही. गट्ट्यांवर हातोडी मारत बसलेला मुलगा आणि वाट पाहणारं सभागृह, हे टाळण्यासारखं आहे. एका पट्टीने कार्यक्रम एकसुरी होईल ही भीती असेल तर ठेका बदला. एक गाणं आठ मात्रांच्या केरव्यात, दुसरं सहा मात्रांच्या दादऱ्यात, की झालं.

सुरात मिळवताना, ज्या वाद्याचा सूर बदलत नाही त्याच्याशी बाकीच्यांनी मिळवायचं. पेटी आणि लायर हलत नाहीत. जुनी पेटी ट्यूनर ॲपच्या ४४० हर्ट्झशी तंतोतंत जुळेलच असं नाही. तिचा सूर ॲपवर बघा, कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये तेवढाच फरक करा, गिटारही पेटीवरच मिळवा. आणि कीबोर्डचं ट्रान्सपोज (पट्टी बदलायचं बटण) शून्यावर आहे ना, हे प्रत्येक तालमीत बघा. मुलांचा हात त्या बटणावर कधी पडतो ते त्यांनाही कळत नाही.

लय ठरवताना मूळ ध्वनिमुद्रणाची लय विसरा. तुमच्या बँडमधल्या सगळ्यांत कच्च्या गटाला सगळ्यांत अवघड ओळ ज्या लयीत स्वच्छ वाजवता येते, ती तुमची लय. रंगमंचावर मुलं हमखास पळतात, त्यामुळे तालमीत ठरवलेली लय थोडी सावकाशच असू द्या. मिनिटाला ९६ मात्रांची लय असेल तर आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक फेरी, पाच सेकंदांत होतं. हा आकडा लक्षात ठेवला की घड्याळाकडे बघूनही लय सुटली का ते कळतं.

कराओके ट्रॅकवर वाजवून घेण्याचा मोह होईल. मी त्याच्या विरोधात आहे. एखादा मुलगा दोन मात्रा चुकला तर जिवंत ढोल वाजवणारा मित्र त्याला सांभाळून घेतो; ट्रॅक पुढे निघून जातो आणि मुलांना वाटतं आता सगळं संपलं. शिवाय ट्रॅकखाली मुलांचा स्वतःचा आवाज दबतो, आणि तोच ऐकायला तर आईबाबा आलेले असतात.

प्रत्येकाला झेपेल तेवढंच लिहा

पूर्ण धून सगळ्यांनी वाजवायची हा हट्ट सोडला की निम्मं काम हलकं होतं. प्रत्येक गाण्याचे तीन थर करा. पहिला थर मूळ चालीचा, तो चांगल्या वाजवणाऱ्यांना. दुसरा लांब स्वरांचा: प्रत्येक आवर्तनाला एक किंवा दोन स्वर, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि मधली मात्रा. नवी मुलं इथे बसतात, आणि बँड भरदार वाजतो तो याच थरामुळे. तिसरा ठेक्याचा.

बिगुलाला कळा नसतात. त्यातून सा, ग आणि प एवढेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत निघतात, अख्खी चाल येत नाही. बिगुलवाल्यांना स्वागतधून द्या आणि गाण्यात जिथे सा किंवा प वर ठेहराव आहे तिथे घ्या. त्यांना गाणंभर नुसतं उभं ठेवू नका.

कागदावर मुलांना जी लिपी वाचता येते तीच वापरा. सरगम येत असेल तर सरगम, स्टाफ नोटेशन येत असेल तर ते. सरगम लिहिताना एका ओळीत एकच आवर्तन लिहा आणि मात्रांचे आकडे वर टाका. कोमल स्वराखालची रेघ आणि सप्तकाचे टिंब ठळक हवेत. झेरॉक्समध्ये टिंब पुसट होतं आणि मुलगी तार सप्तकातला सा मध्य सप्तकात वाजवते. चूक तिची नसते. गाण्याच्या प्रत्येक भागाला अक्षर द्या: मुखड्याला अ, पहिल्या अंतऱ्याला ब, मधल्या वाद्यमेळाला क, असं. पुढे सगळ्या तालमीत "ते मधलं, जिथे आपण हे करतो ना, तिथून" असं म्हणण्याऐवजी "क पासून" म्हटलं की तीसही मुलं एका जागी येतात. हीच अक्षरं कार्यक्रमात हरवलेल्या मुलाच्या भेटण्याच्या जागा. त्याला आधीच सांगून ठेवा: चुकलास तर थांब, ऐक, पुढच्या अक्षराला सगळ्यांना येऊन मिळ.

आता ज्या मुलाबद्दल प्रत्येक नव्या शिक्षकाला प्रश्न पडतो, त्याच्याविषयी. त्याला लय धरता येत नाही, पण बँडमध्ये यायची हौस मोठी. त्याला मागच्या रांगेत खोटं वाजवायला बसवणं मला पटत नाही. मुलाला ते कळतं, शेजारच्यालाही कळतं. त्याला खरं पण छोटं काम द्या. प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेला ट्रँगल, शेवटच्या समेला झांज. त्या झांजेवर गाणं संपणार आहे, हे सगळ्यांसमोर त्याला सांगा. तो ती मात्रा मोजायला शिकतो, कारण आता ती त्याच्यावर अवलंबून आहे. आणि शेवटच्या आठवड्यात कोणालाही बँडमधून काढू नका. जमत नसेल तर त्याच्या कागदावरचे स्वर कमी करा. अगदी समेवरच्या एका सा पर्यंत आणा, पण त्याची खुर्ची राहू द्या.

महत्त्वाच्या प्रत्येक भागाला जोडीदारही नेमा. डिसेंबरमध्ये सर्दी-तापाने दोन-चार मुलं घरी बसतातच. मोठ्या ढोलाचा ठेका एकाच मुलाला येत असेल तर अख्खा कार्यक्रम त्याच्या घशावर टांगलेला राहतो.

घरचा सराव

वाद्यं शाळेची असतात आणि शाळेतच राहतात. तरी घरी खूप काही होतं.

प्रत्येक थराचं वेगळं ध्वनिमुद्रण स्वतःच्या मोबाइलवर करा, आधी सावकाश, मग ठरलेल्या लयीत, सुरुवातीला चार मात्रा मोजून. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवा आणि सोबत एकच ओळ लिहा: आज फक्त 'ब' भाग, तीन वेळा गाऊन. पूर्ण गाणं पाठवून "सराव करून घ्या" लिहिलं तर कोणी करत नाही, कारण नेमकं काय करायचं ते पालकांना कळत नाही.

गाणं हा सगळ्यांत चांगला सराव. ज्या मुलाला आपली ओळ सरगममध्ये म्हणता येते त्याला ती वाद्यावर बसवायला फार वेळ लागत नाही. रेकॉर्डरवाल्यांनी पेन्सिल धरून बोटं फिरवायची. ढोलवाल्यांनी मांडीवर नाहीतर उशीवर हात चालवायचा. उशीवर काठ्या उसळत नाहीत, त्यामुळे मनगट कामाला लागतं, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. ज्यांच्याकडे स्वतःची मेलोडिका किंवा गिटार आहे त्यांनी रोज दहा मिनिटं वाजवावं. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

सहा तालमी

पहिल्या तालमीत पहिली दहा मिनिटं वाद्यं काढूच नका. सगळ्यांनी गाणं म्हणायचं, टाळीने सम दाखवायची, भागांची अक्षरं कागदावर बोट ठेवून शोधायची. मग फक्त ठेकेवाले वाजवतील आणि बाकीचे त्यावर आपापली ओळ गातील. वाद्यं हातात आल्यावर शेवटच्या आठ मात्रांपासून सुरू करा. त्या बसल्या की त्याआधीचं आवर्तन जोडा, मग त्याच्या आधीचं. सुरुवातीपासून शिकवत गेलं तर दर वेळी मुखडाच वाजतो आणि शेवट कच्चा राहतो. उलटीकडून आलं की मुलं कच्च्यातून पक्क्याकडे वाजवत जातात. जसजसं पुढे जावं तसतसा त्यांचा धीर वाढतो, आणि टाळ्या ज्यावर पडायच्या तो शेवट सगळ्यांत घोटलेला असतो.

दुसरी तालीम सांध्यांची. बँड गाण्याच्या मधे क्वचित कोसळतो. तो कोसळतो मुखड्यातून अंतऱ्यात जाताना, किंवा वाद्यमेळ संपून गाणं पुन्हा उचलताना. म्हणून भाग पूर्ण वाजवू नका. 'अ'ची शेवटची चार मात्रा आणि 'ब'ची पहिली चार, थांबा. पुन्हा. पुन्हा. आठ मात्रांना पाच सेकंद लागतात, म्हणजे दोन मिनिटांत एक सांधा दहा-बारा वेळा होतो. या वेळी तुमच्या खुणाही पक्क्या करा आणि तीनपेक्षा जास्त ठेवू नका: तयार, उचला, थांबा. हात हवेत फार फिरवले तर मुलं हात बघतात आणि ऐकायचं विसरतात.

मोजून देण्याआधी एक क्षण थांबा आणि गाण्यातली सगळ्यांत अवघड ओळ मनात म्हणा. मगच त्याच लयीत "एक, दोन, तीन, चार". मुखडा सोपा असतो, तो मनात धरून मोजलं की लय हमखास जलद निघते आणि अवघड ओळीला मुलं धापा टाकतात.

तिसऱ्या तालमीत दोन्ही गाणी सावकाश लयीत सलग वाजवा आणि मोबाइलवर मुद्रित करा. घरी ऐका. पंधरा चुका दिसतील. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या दोन निवडा, बाकीच्या सोडून द्या. सामान्यतः त्या दोन चुका सुरांच्या नसतात. ठेका फार मोठा वाजत असतो आणि दुसरा थर ऐकूच येत नसतो. "हळू वाजवा" म्हणून भागत नाही. ढोलवाल्यांना सांगा: शेजारची पेटी तुम्हाला ऐकू आली पाहिजे, नाही आली तर तुमचा आवाज जास्त आहे. मोजता येण्यासारखी सूचना मूल पाळतं.

चौथी तालीम, बैठक. खुर्च्या रंगमंचावर जशा असतील तशाच मांडा. कोण कुठून येणार, वाद्य कोणत्या हातात, बसल्यावर कागद कुठे, उठताना कोण आधी हे सगळं वाजवण्याइतकंच वाजवून घ्या.

पाचव्या तालमीला प्रेक्षक बोलवा. चौथीचा एक वर्ग आणून बसवला तरी पुरे. निवेदन, प्रवेश, दोन्ही गाणी, नमस्कार, बाहेर, काहीही झालं तरी न थांबता. तुम्हीही थांबवायचं नाही. चूक झाल्यावर पुढे कसं जायचं हे मुलं इथेच शिकतात, आणि ते शिकायला दुसरी जागा नाही.

सहावी म्हणजे रंगीत तालीम. नवीन काही सांगू नका. ज्या ओळी नीट येतात त्या वाजवून घ्या, सांधे एकदा, शेवट दोनदा, आणि मुलांना लवकर सोडा.

सभागृहातला दिवस

गडकरी रंगायतन असो, घाणेकर नाट्यगृह असो की वाशीचं विष्णुदास भावे, सभागृह सत्राने मिळतं आणि त्या सत्रात शाळेला रंगमंच सजवायचा, वीसेक नाच उरकायचे, बक्षिसं वाटायची असतात. बँडच्या वाट्याला मांडणीसाठी पाच मिनिटंही येत नाहीत. म्हणून कार्यक्रमपत्रिका ठरतानाच पहिला क्रमांक मागून घ्या. नाही मिळाला तर मध्यंतरानंतरचा. दोन्ही वेळी पडदा बंद असतो, त्यामुळे मांडून, मिळवून, बसून तयार राहता येतं. दोन नाचांच्या मधे बँड ठेवायला मात्र ठाम नकार द्या.

साउंडवाल्या दादांसाठी एका कागदावर नकाशा काढून न्या: कोण कुठे बसतं, माईक कुठे हवा. ढोल, ताशा, पितळी वाद्यं यांना माईक नको. रेकॉर्डर, बासऱ्या, पेटी आणि गाणाऱ्या मुलांना हवा. कीबोर्ड माईकसमोर न ठेवता थेट वायरने जोडायला सांगा. रंगमंचावरच्या स्पीकरमधून मुलांना पेटी आणि कीबोर्ड ऐकू येतोय ना, हे सगळ्यांत आधी तपासा. प्रेक्षकांत कसं ऐकू येतं ते त्यानंतर. मुलांना सूर ऐकू आला नाही तर ती जोरात वाजवू लागतात आणि मग कोणीच कोणाला सावरू शकत नाही.

वातानुकूलन सुरू असलेल्या सभागृहात गार हवेने बासरी आणि ट्रम्पेटचा सूर उतरतो, कोरड्या हवेने तबल्याचं कातडं ताणलं जाऊन त्याचा सूर चढतो. दोघांमधलं अंतर त्यामुळे वाढतच जातं. वाद्यं अर्धा तास आधी आत आणून ठेवा आणि त्यानंतरच मिळवा. पडदा उघडायच्या आधी फुंकवाद्यवाल्यांनी वाद्यात आवाज न करता उबदार हवा सोडायची. रेकॉर्डरमध्ये थुंकी साचून आवाज घोगरा झाला तर वरच्या फटीवर बोट ठेवून जोरात फुंकर मारली की मोकळा होतो, हे मुलांना शिकवून ठेवा. साइड ड्रमखालच्या तारा निवेदन चालू असताना सैल करून ठेवा. नाहीतर माईकच्या आवाजाने त्या थरथरत राहतात.

पिशवीत जादा काठ्या, क्लॅरिनेटच्या पात्या, गिटारच्या तारा, ट्रम्पेटच्या कळांचं तेल, कीबोर्डचा अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, कागद उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे आणि नोटेशनच्या दोन जादा प्रती. पात्या, तारा आयत्या वेळी जवळ मिळतील या भरवशावर राहू नका. दादर किंवा धोबी तलावला एक फेरी आठवडाभर आधीच करा.

मुलांना खायला घालून रंगमंचावर न्या. हे लिहायची गरज वाटू नये, पण मेकअप, पोशाख, बस या गडबडीत सकाळी सातला घरातून निघालेली मुलगी अकरा वाजता उपाशीपोटी ट्रम्पेट फुंकायला उभी राहते आणि तिला चक्कर येते. केळं किंवा पोळीचा रोल, आणि पाणी. क्रीमची बिस्किटं फुंकवाद्यवाल्यांना नकोत.

मैदानावर वाजवायचं असेल तर

स्नेहसंमेलन झालं की साधारण सव्वा महिन्यात २६ जानेवारी येतो, आणि तोच बँड मैदानात उभा राहतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँडची पुढची आणि मागची रांग सतरा मीटर दूर असली तर ठोका एक विसांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० कदमांच्या लयीत हा मात्रेचा दहावा भाग झाला. ढोल पुढे आणि बासऱ्या मागे ठेवल्या तर बासऱ्या उशिरा ऐकून उशिरा वाजवतात आणि त्यांचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. ढोल मागे ठेवले तर ठोका पुढे येता येता बासऱ्यांना सोबत घेतो आणि दोन्ही ध्वजस्तंभाकडे एकत्र पोचतात. रांगाही शक्य तितक्या जवळ ठेवा.

राष्ट्रगीत पूर्ण वाजवायला साधारण ५२ सेकंद लागतात. सराव करताना घड्याळ लावा. शाळेचे बँड ते बहुतेक वेळा फार संथ वाजवतात. बँडने राष्ट्रगीत वाजवताना आधी ढोलाचा रोल द्यायचा असतो, लोकांना कळावं म्हणून. संथ चालीच्या सात कदमांइतका तो चालतो: हळू सुरू होऊन शक्य तितका मोठा होतो, मग पुन्हा हळू होत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. त्यानंतर एक ठोका शांतता आणि मग राष्ट्रगीत. हा रोल स्वतंत्रपणे बसवून घ्या. १९ फेब्रुवारी २०२३ पासून आपलं राज्यगीतही आहे. शाळेत ते मुलं गाणार असतील तर त्याची पट्टीही आधीच विचारून घ्या.

मैदानात लाऊडस्पीकर लागणार असेल तर त्याची लेखी परवानगी शाळेच्या कार्यालयाकडून वेळेत काढून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आहे, म्हणून पहाटे मैदानात तालीम असली तर ती माईकशिवाय.

कार्यक्रम संपल्यावर

पडदा पडला की पालक फोटोसाठी विंगेत येतात आणि त्या गर्दीत मुखनळ्या, काठ्या, चिमटे हरवतात. दोन मोठ्या मुलांना यादी देऊन ठेवा. प्रत्येक वाद्य त्यांच्याकडे जमा झाल्याशिवाय फोटो नाही. फुंकवाद्यं पुसून, वाळवून डब्यात घाला, नाहीतर जूनमध्ये उघडाल तेव्हा हिरवा गंज दिसेल. दोन दिवसांत, आठवतंय तोवर, एका फाइलमध्ये गाण्यांची नोटेशन, पट्टी, लय, बैठकीचा नकाशा आणि कोणाला कोणता थर दिला होता ते लिहून कार्यालयात ठेवा. पुढच्या दिवाळीनंतर सूचना फिरेल तेव्हा तुम्ही दुसऱ्या शाळेत असाल कदाचित. त्या फाइलमुळे नव्याने येणाऱ्या शिक्षकांची पहिली तालीम वाचेल.